ही तलवार इगोरोतांची नव्हे

प्रश्न : माझा भाचा मालवाहू जहाजावर आहे. त्यांचा फिलिपिनो सारंग निवृत्त झाला, तेव्हा त्याने आपल्या घरची एक नागमोडी तलवार भाच्याला दिली. ती इगोरोत आदिवासींची असल्याचं भाचा सांगतो. मुठीवर पोपटासारखं काहीतरी आहे. फोटो पाठवलेत. तलवार खरंच जुनी आहे का? चिंचेने घासली तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चिंच आमटीत घाला, पात्याला लावू नका. उभी हयात मी वस्तुसंग्रहालयात शस्त्रं साफ करण्यात घालवली. गंजापेक्षा हौशी घासणाऱ्यांनीच पाती जास्त बिघडवलेली पाहिली आहेत.

आता इगोरोतांचं. हे फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरातले लोक. त्यांच्यातल्या कलिंगांची कुऱ्हाड प्रसिद्ध आहे, पुढे धार आणि मागे लांब अणकुचीदार टोक असलेली. शत्रूचं मुंडकं तिनेच उडवत आणि लाकूडही तिनेच तोडत. तुमची तलवार पार दुसऱ्या टोकाची, देशाच्या दक्षिणेतल्या मिंदानाओ-सुलू बेटांकडच्या मुस्लिम जमातींची : मारानाओ, मागिंदानाओ, ताउसुग. तिला क्रिस किंवा कालिस म्हणतात. जावाचा क्रिस सडपातळ आणि भोसकण्यासाठी असतो. हा रुंद, दुधारी, मुख्यतः वार करून कापणारा.

नागमोडी वळणांवर सगळे भाळतात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही, कारण सरळ पात्याचे क्रिसही तितकेच अस्सल असतात. बघायचं ते मुठीलगत. तिथे पातं एका बाजूला जास्त पसरतं आणि त्यावर एक आडवी रेघ दिसते. जुन्या क्रिसमध्ये ही रेघ म्हणजे खरा जोड असतो : मुठीकडचा आडवा तुकडा, म्हणजे गांग्या, वेगळा घडवून पात्याला बसवलेला. विसाव्या शतकात बऱ्याच लोहारांनी ही मेहनत सोडून नुसती रेघ कोरायला सुरुवात केली. भिंग घेऊन पात्याच्या कडेवर बघा. रेघ कडेवरून वळून दुसऱ्या बाजूला सलग गेली, तर जोड खरा. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती कडेवरही स्पष्ट दिसते आणि एका टोकाशी तिरकी वळली आहे. पातंही बुडाशी जाड असून टोकाकडे पातळ होत गेलंय. पर्यटकांसाठीचा माल बहुधा पत्र्यासारखा एकसारखा सपाट असतो. तेव्हा तलवार अस्सल आहे, आणि जुनी. भाच्याने तिचं मोल करायच्या भानगडीत पडू नये. सारंगाने घरची वस्तू दिली आहे.

मुठीवरचा पक्षी काकाकुवा आहे. मूठ आणि पातं जखडणारी धातूची पट्टी ढिली वाटली तरी ठोकू नका. आत पात्याचं शेपूट डिंक-राळेसारख्या लुकणाने बसवलेलं असतं. उन्हात किंवा गरम पाण्यात ते मऊ होतं. पात्याला सुती फडक्याने शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. लाल गंज असेल तर तेल रात्रभर मुरू द्या आणि बांबूच्या काडीने खरवडा. पॉलिश कागद अजिबात नको, घडणीचे थर दिसत असले तर तेच पुसले जातील. म्यान दोन फळ्यांचं असून बांधणी सुटली असेल, तर फेविकॉल लावू नका, सुती दोऱ्याने बांधा.