हौशी बेसवाले सारखे बेस का बदलत असतात, आणि मी पण माझा बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मडगावला असता, दीड वर्ष झालं बेस गिटार शिकताय, आणि ओळखीतले हौशी बेसवाले बघावं तेव्हा कुठला तरी बेस विकतायत नाहीतर घेतायत, वाजवताना मात्र कमी दिसतात. मग हे संगीताचं प्रेम की वस्तूंची हौस, आणि आता तुमच्या पण मनात बदलायचं येतंय तर काय करावं.

मी फोंड्याचा. कुंडईला फॅक्टरीत नोकरी, आणि 16 वर्षं बेस वाजवतोय तो निव्वळ आवड म्हणून. या काळात माझ्या हातून 9 बेस गेलेत, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय त्यातलाच मी एक.

सरळ उत्तर आधी देतो. बदला, बेस बदलण्यात काहीही वाईट नाही, पण आज नको. आधी आहे तो बेस नीट लावून घ्या, तीन महिने कुणाबरोबर तरी वाजवा, आणि मग जे खटकेल त्याच्यासाठी बदला. आणि जुना कपाटात ठेवू नका, वाजवणाऱ्याला द्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, खाली जे लिहितोय ते मी या मताला का आलो त्याबद्दल.

बेसवाल्याचं मन आधी समजून घ्या. गिटारवाल्याचा सोलो झाला की लोक टाळ्या वाजवतात, गायकाचं तर नाव होतं, बेस मात्र बंद पडला तरच लोकांना कळतं की काहीतरी गेलं. चार तारांतली सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, ती कानाला कमी आणि छातीला जास्त लागते. त्यामुळे आपलं समाधान आपल्यापुरतंच असतं, आपल्या हाताखाली तो सूर कसा उमटतो यातच सगळं येतं. आणि ते समाधान एखाद्या दिवशी मिळालं नाही की माणूस पहिला दोष लाकडाला देतो. मी पण दिला. चौथा बेस मी विकला कारण आवाज पातळ येतो म्हणून, आणि नंतर कळलं की बेस चांगला होता, माझा घरचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, आठ इंची स्पीकरचा, त्यातून खालचे सूर पूर्ण बाहेर येतच नव्हते. तोच बेस मी नंतर एका लग्नात मोठ्या अँपवर ऐकला, दुसऱ्याच्या हातात, आणि जेवण सोडून तिथेच उभा राहिलो.

आता गोव्याची गोष्ट वेगळी का ते सांगतो. आपल्याकडे बेसवाले मोजकेच, सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे वाद्यं तीच तीच फिरतात. 2012 ला मी एक निळा प्रिसिजन बेस घेतला होता (प्रिसिजन हे फेंडर कंपनीचं मॉडेल), स्क्वायरचा, म्हणजे फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचा, सेकंडहँड, 11 हजारांना. तीन वर्षांनी पाच तारांचा बेस हवा म्हणून तो म्हापशाच्या एका कॉलेजच्या मुलाला विकला. त्याने वास्कोच्या एका तारवटीला दिला, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाला, आणि तारवटीचं कॉन्ट्रॅक्ट लागलं तेव्हा जाताना त्याने तो केपेंच्या एका अंकलना दिला जे तियात्रात, म्हणजे कोंकणी संगीत नाटकात, वाजवायचे. हे सगळं मला माहीत नव्हतं. 2022 ला कुणीतरी सांगितलं केपेंला एक बेस विकायचाय, बघून ये, म्हणून मी गेलो. अंकलनी खाटेवर चादर पसरून बेस ठेवला, मी सवयीने उलटा करून मागची पट्टी बघितली, जिथे नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, चार स्क्रूंनी बॉडीला बसवलेला असतो, तर खालचा डावा स्क्रू पितळी. बाकीचे तीन पांढरे. तो पितळी स्क्रू मी फोंड्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून आणून स्वतः बसवला होता, मूळचा हरवला म्हणून.

मी म्हटलं, अंकल हा माझाच होता. ते हसले आणि म्हणाले, "मागीर घेवन वच. पूण घरांत दवरूं नाका, वाजय." म्हणजे, मग घेऊन जा, पण घरात ठेवू नको, वाजव.

त्या बेसला हात लावला तेव्हा मला समजलं की तो माझ्याकडे असता तर असा झालाच नसता. तारवटीने बाहेरून चांगले पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) आणून घातले होते, अंकलनी फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत स्ट्रिंग्स चढवल्या होत्या, नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा घासून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली आणली होती. कॉलेजच्या मुलाने वरच्या शिंगावर स्टिकर लावून काढला होता त्याचा चौकोनी डाग तेवढा राहिलाय, मी तो पुसलेला नाही. 9 हजारांना घेतला. सात वर्षं तीन जणांनी तो वाजवला म्हणून तो जिवंत राहिला.

याच्या उलट पण घडलंय माझ्या घरात. एक चांगला महागातला बेस मी हार्ड केसमध्ये घालून खाटेखाली ठेवला, पुढे विकू म्हणून, दोन पावसाळे उघडलाच नाही. आपला पावसाळा तुम्हाला सांगायला नको, चपलांना बुरशी येते तर लाकडाचं काय. उघडला तेव्हा केसच्या आतल्या मखमलीवर पांढरी बुरशी, ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाचे, बारीक स्क्रू गंजून जाम, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर, आणि नेक एवढा वाकलेला की ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळी, पूर्ण आवळूनही सरळ येईना. मला आजही त्याचं वाईट वाटतं. पैसे गेले त्यापेक्षा जास्त यासाठी की त्या दोन वर्षांत साखळी-डिचोलीकडे कितीतरी मुलं बेस शोधत होती आणि हा माझ्या खाटेखाली पडून होता. म्हणून कुणी म्हणालं की अमका सारखे बेस विकतो तर मला राग येत नाही, राग त्याचा येतो जो सहा बेस कपाटात ठेवून फोटो दाखवतो. तुमच्या प्रश्नातली हौस ती हीच.

आता तुमच्या बेसबद्दल. दीड वर्षात एकदा तरी सेटअप, म्हणजे नेक आणि तारा नीट लावून घेणं, केलाय का? बहुतेक नसेल. डावीकडे पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड तार दाबा, उजव्या हाताने शेवटच्या फ्रेटवर तीच तार दाबा, आणि कुणाला तरी सांगा सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघ. कार्ड जेमतेम गेलं तर नेक ठीक. दोन-तीन कार्डं एकदम गेली तर नेक पुढे वाकलाय, म्हणून तुम्हाला दाबायला जोर लागतो आणि बोटं दुखतात. जागाच नसेल तर तार फ्रेटवर घासून कर्रकर्र करते. ट्रस रॉडचा नट पाव फेरा फिरवायचा, जास्त नाही, मग थोडं थांबून परत बघायचं, आणि जड जात असेल तर थांबायचं आणि जाणत्या माणसाकडे न्यायचं. मी हे वर्षातून दोनदा करतो, जूनमध्ये पाऊस लागला की आणि परत डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की, कारण लाकूड ओल पिऊन हलतं. मग बाराव्या फ्रेटवर तार नुसती टेकवून येणारा हार्मोनिक आणि तीच तार दाबून येणारा सूर ट्यूनरवर जुळतात का बघा, नसतील जुळत तर ब्रिजवरचं सॅडल, ज्यावर तार टेकते तो तुकडा, पुढे-मागे करायचं. एवढं केल्यावर निम्म्या लोकांना नवीन बेस नकोसा होतो, हे मी माझ्या मित्रांमध्ये बघितलंय.

आणि हात लहान असतील तर मात्र खरंच बदला. नेहमीचा बेस 34 इंची स्केलचा असतो, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी तेवढी, 30 इंची शॉर्ट स्केल पण मिळतो, पहिल्या फ्रेटला हात पोचत नाही म्हणून वाजवणं सोडलेली माणसं मला माहीत आहेत, त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

महाग बेस घेतल्याने आपण चांगले होऊ असं वाटत असेल तर मी दोन माणसांची आठवण देतो. जेम्स जेमरसन, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांवर ज्यांचा बेस आहे, ते बरीच वर्षं 1962 चा एकच प्रिसिजन वाजवत राहिले, तारासुद्धा तुटल्याशिवाय सहसा बदलत नसत, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरत. 1983 मध्ये ते गेले त्याच्या थोडंच आधी तो बेस चोरीला गेला. दुसरे बीटल्सचे पॉल मॅकार्टनी, त्यांनी 1961 ला हॅम्बुर्गला व्हायोलिनसारख्या आकाराचा होफनर कंपनीचा बेस घेतला तो साधारण 30 पाउंडांना, स्वस्त होता म्हणून, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावखुऱ्या माणसाने उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता म्हणून. तो पण 1972 ला चोरीला गेला आणि पन्नास वर्षांनी सापडून परत त्यांच्याकडे आला. दोघांनी हाताला लागलेल्या बेसवर काम केलं. आपण हौशी माणसं, आपल्याला रोज तासभर मिळाला तरी खूप, तो तास दुसऱ्यांच्या बेसचे व्हिडिओ बघण्यात जायला लागला की समजायचं, आता जरा थांबायला पाहिजे.

मला स्वतःला बेस कळला तो चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत. आमच्या वाड्यावर घुमट आरती असते, घुमट, शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कासाळी (झांजा), तासन् तास एका घरातून दुसऱ्या घरात. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं. त्याचं कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बंदी आहे म्हणून बकऱ्याचं लावतात, आणि 2019 ला सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. वाजवणारा डाव्या हाताने मागचं उघडं तोंड झाकतो-उघडतो आणि त्याने तो खालचा घुमणारा सूर आवळला-सोडला जातो. एक वर्ष मी काकांच्या शेजारी बसून फक्त त्यांचा डावा हात बघत होतो, आणि मला कळलं की ते सूर काढतात त्यापेक्षा सूर कधी बंद करायचा यावर जास्त लक्ष देतायत. घरी येऊन मी बेसवर तेच करायला लागलो, डाव्या हाताचं बोट थोडं उचलून सूर बंद करायचा, पुढच्या ठोक्याच्या आधी. आमचा ड्रमर दुसऱ्या रविवारी म्हणाला, काय रे, बेस बदललास की काय?

तेव्हा माझ्याकडे तोच पातळ आवाजाचा चौथा बेस होता.

अदलाबदल करायचीच तर आपल्याकडे काही रीती पाळायच्या, या कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत पण पाळणारे पाळतात. समोरासमोर द्यायचा-घ्यायचा, कुरिअरने नाही. अँपला लावून किमान अर्धा तास वाजवू द्यायचा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर. दोष आधी सांगायचे. मला एकाने नेकला पीळ असलेला बेस विकला, तिरका पीळ, जो ट्रस रॉडने जातच नाही, आणि त्याला तो माहीत होता, कारण बघायला गेलो तेव्हा त्याने संध्याकाळी अंधुक उजेडात दाखवला आणि घाई केली. मी नंतर हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाकडून, एक डोळा मिटून नेककडे बघितलं तेव्हा दिसला. तुम्ही दिवसाउजेडी जा, आणि पैसे द्यायच्या आधी असं एक डोळा मिटून बघा, बाजूला माणूस कितीही चांगला बोलत असला तरी. आणि घेणारा शिकणारा मुलगा-मुलगी असेल तर दोन हजार कमी घ्यावेत असं माझं मत आहे, कारण आपल्याला पण कुणीतरी तसं दिलेलं असतं. मला अंकलनी दिलं.

तुमच्या ओळखीतले लोक वाजवताना कमी दिसतात म्हणालात, त्याचं एक कारण मला असं दिसतं की त्यांना बरोबर वाजवायला माणसंच मिळत नाहीत. बेस एकट्याने वाजवून मन भरत नाही, त्याला ड्रम लागतो, कुणीतरी गाणारं लागतं. फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) डान्स, लग्नाचा बँड, तियात्राची कांतारं म्हणजे गाणी, आमच्याकडची भजनं, जिथे कुणी बसू देईल तिथे बसा, फुकट बसा. सुरुवातीला चार कॉर्डचे मूळ सूर धरून ठेवलेत तरी चालतं. त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही फोन करून म्हटलंत की बेस विकू नका, रविवारी या, मी दुसरं काहीतरी वाजवतो, तर मला वाटतं दोघेतरी येतील.

निळा बेस सध्या माझ्याकडेच आहे, पण शिरोड्याची एक मुलगी बारावी संपवून बेस शोधतेय, तिला मी चवथ झाल्यावर ये म्हणून सांगितलंय, एकदा या आरत्यांच्या दिवसांत वाजवून मग तिला देईन, पितळी स्क्रूसकट.

तुम्ही आज रात्री ते व्हिजिटिंग कार्डाचं करून बघा आणि किती कार्डं गेली, तारा शेवटच्या कधी बदलल्या आणि अँप किती इंची स्पीकरचा आहे ते खाली लिहा, मग पुढचं सांगतो.