वाढदिवसाचा सूत्रधार घरातलाच

मुलांचा वाढदिवस बाहेरून करमणूक न मागवता घरीच कसा करावा, असे विचारणारी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिल्या पत्रात विचारलेले बहुतेकांच्या उपयोगी पडणारे असल्याने त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझा मुलगा आठ वर्षांचा होईल. गेल्या वर्षभरात त्याच्या वर्गातल्या तीन मुलांच्या वाढदिवसांना जादूगार, हवा भरलेली घसरगुंडी, माइक घेऊन खेळ घेणारा माणूस असे काही ना काही चिपळुणाहून मागवलेले होते. तो खर्च आम्हाला परवडणारा नाही आणि खरे सांगायचे तर पटणाराही नाही. परंतु पंधरा-सोळा मुलांना दोन-अडीच तास गुंतवून कसे ठेवायचे, या विचाराने झोप उडाली आहे. सासूबाई म्हणतात, मुले आपली आपण खेळतील. खरोखर खेळतील का? आणि त्यांना समुद्रावर न्यावे का?

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे निम्मे खरे आहे. एकाच वाडीतली, रोज संध्याकाळी एकत्र जमणारी मुले आपली आपण खेळतात. वाढदिवसाला आलेली मुले मात्र वर्गातली, शेजारची आणि सुट्टीला मुंबईहून आलेली आते-मामे भावंडे अशी सरमिसळ असतात. त्यांचे खेळाचे नियमही जुळत नाहीत आणि लगोरी फुटल्यावर चेंडू पाठीत मारायचा की नुसता पायाला लावायचा, एवढ्यावरूनही त्यांची जुंपते. बाहेरून आलेला माणूस जादू दाखवतो खरा, पण त्याचा खरा उपयोग निराळाच असतो: यानंतर काय करायचे हे त्याला ठाऊक असते आणि तेवढ्या वेळात त्याला दुसरे कोणतेही काम नसते. म्हणून आपल्याला शोधायचे आहे ते करमणुकीचे सामान नव्हे, तर साडेचार ते सात या वेळात स्वयंपाकघराकडे फिरकणारही नाही असे घरातले एक मोठे माणूस. मामा, आत्या, कॉलेजात जाणारी चुलतबहीण, कोणीही चालेल. त्याचा आवाज मात्र खणखणीत हवा.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. माझ्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला घावणे गरमच वाढायचे असा हट्ट धरून मी चुलीपाशी बसले आणि तेवढ्या अवधीत पाहुण्या मुलांनी विहिरीचा पोहरा, दोन चपला आणि शेजाऱ्यांचा चेंडू विहिरीत सोडून दिला. सुदैवाने त्यापलीकडे काही गेले नाही. तेव्हापासून मी असा नियम केला आहे की त्या दिवशी घरात काहीही तळायचे नाही आणि काहीही गरम वाढायचे नाही. मे महिन्यात हे अवघडही नाही. फणसाच्या रसात तांदळाचा रवा आणि गूळ घालून वाफवलेले सांदण सकाळीच करून ठेवता येते, आणि केकच हवा असा मुलाचा आग्रह नसेल, तर सांदणाची मोठी गोल वडी ताटात काढून तीच कापायला द्यावी. भेळेचे साहित्य कापून ठेवले की ऐन वेळी केवळ कालवायचे राहते. कोकमाचे सरबत मात्र आपल्या अंदाजाच्या दुप्पट करावे, कारण धावून आलेली मुले खाण्याकडे पाहत नाहीत, पिण्याकडे पाहतात.

औक्षण खेळापूर्वीच, ओटीवर उरकावे. मुलगा तेव्हा नव्या कपड्यांत आणि स्वच्छ असतो, आजीआजोबांना थांबून राहावे लागत नाही, आणि दुपारनंतर समुद्रावरून सुटणाऱ्या वाऱ्यात अंगणात निरांजन काय किंवा मेणबत्ती काय, काहीच टिकत नाही. त्यानंतर त्याला जुने कपडे घालायला लावावेत. निमंत्रणातही "मुलांना जुन्या कपड्यांत पाठवावे" असे स्पष्ट लिहावे. या एका ओळीने अर्धी काळजी मिटते.

आता खेळांविषयी. आपल्याकडे ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला संगीत खुर्ची असते आणि माझ्या मते नेमका तोच खेळ घरच्या वाढदिवसाला वाईट. सोळा मुले आणि पंधरा खुर्च्या असतील, तर पहिल्या फेरीत बाद झालेल्या मुलाला पुढच्या चौदा फेऱ्या बघत बसावे लागते. एका फेरीला दीड मिनिट धरले तरी वीस मिनिटांहून अधिक झाली. खोड्या काढणारी मुले म्हणजे बहुतेक वेळा ही बाद होऊन बसलेली मुले. म्हणून ज्यात कोणीच बाहेर पडत नाही, केवळ राज्य बदलते, असे खेळ निवडावेत. आपल्या अंगणात मांडव अजून उभा असेल तर खांबखांबोळीसाठी याहून चांगली जागा नाही: प्रत्येकाने एकेक खांब धरायचा, ज्याला खांब नाही त्याच्यावर राज्य, आणि इतरांनी आपापसांत जागा बदलताना त्याने मोकळा खांब पटकवायचा. खांब कमी पडले, तर एका खांबाला दोघांची जोडी करावी.

शिवाशिवीला थोडे आपल्या मातीतले रूप देता येईल. शिमग्यात संकासुराचे सोंग दिसले की पळत सुटणे आपल्या भागातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. राज्य असलेल्याच्या कमरेला घुंगरांची माळ बांधावी, तो ज्याला शिवेल त्याच्याकडे माळ जावी, एवढाच नियम. पडवीच्या कोपऱ्यामागून घुंगरांचा आवाज येऊ लागला की मोठमोठी मुलेही किंचाळतात, आणि मुंबईहून आलेल्या भावंडांना संकासूर कोण हे सांगण्याची संधी मिळाल्याने उत्सवमूर्तीला आपोआप मोठेपणा लाभतो.

धावण्याचा एक खेळ झाला की बसण्याचा एक घ्यावा. हा क्रम मोडला तर पाऊण तासात मुले दमून चिडचिडी होतात. बसण्याच्या खेळांत आईचे पत्र हरवले आहेच, पण मे महिन्यात करवंदांसारखी मजा नाही. करवंद तोंडात टाकण्याआधी कोंबडा की कोंबडी ते सांगायचे आणि मग अर्धे चावून दाखवायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. ज्याचे अनुमान बरोबर येईल त्याला फणसाची एक आठळी द्यावी आणि शेवटी आठळ्या मोजाव्यात. सोळा मुले या खेळात अर्धा तास सहज रमतात. वाळलेल्या काजूबिया ओळीने मांडून लांबून नेम धरून उडवण्याचा खेळही चांगला आहे, मात्र बी दाताने फोडायची नाही हे आधी बजावावे, कारण टरफलातल्या तेलाने ओठ आणि कातडी भाजते.

शेवटचा अर्धा तास हातांना काम द्यावे. माडाच्या हिरव्या पातीची भिंगरी, पिपाणी, साप, मनगटावरचे घड्याळ हे सारे घरातल्या आजोबांना बहुधा येते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. चार झावळ्या आदल्या संध्याकाळी उतरवून ठेवाव्यात आणि आजोबांना मध्यभागी पाटावर बसवावे. प्रत्येक मुलाने केलेली भिंगरी त्याने घरी न्यावी, हीच परतभेट. खोडरबर आणि कंपासपेटीची पाकिटे वाटण्याची आवश्यकता नाही.

एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. नारळ उतरवलेले नसतील त्या माडांखाली खेळ मांडू नये, आणि पाडेली बोलावणे शक्य असेल तर वाढदिवसाच्या आठवडाभर आधी नारळ व वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात. विहिरीवर जाळी असली तरी लपाछपीची हद्द आधी मुलांना फिरवून दाखवावी आणि त्या हद्दीत विहीर, गोठा व मागचे आगर धरू नये.

समुद्रावर न्यावे का, याचे उत्तर तिथीवर आहे. आपल्याकडची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते, आणि तिच्या सुमारे सहा तास पुढेमागे ओहोटी असते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पूर्ण चढलेले. त्या दिवशी मुलांचा घोळका वाळूवर नेऊ नये. उलट पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी लागून, उधाणाचे दिवस असल्यामुळे, पाणी खूप मागे गेलेले असते. लंगडी, आबाधोबी आणि वाळूचे किल्ले यांना कठीण, ओली वाळू भरपूर मिळते. हा केवळ अंदाज असल्याने त्या दिवशीची वेळ किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या मंडळींना विचारून पक्की करावी. इतके करूनही पाण्यात कोणी पाऊल टाकायचे नाही हा नियम ठेवावा, दर चार मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि सूर्य सातच्या सुमारास मावळतो हे ध्यानात घेऊन साडेसहाला परत फिरावे. एवढी माणसे जमत नसतील, तर समुद्र राहू द्यावा. अंगण पुरेसे आहे.

प्रश्न : आम्ही कुडाळला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलीचा दहावा वाढदिवस जुलैत येतो. बाहेर मुसळधार पाऊस, घरात एक हॉल आणि दहा मैत्रिणी. त्यातच वीज जाते. खेळ घेणारी माणसे बोलावली तरी त्यांचा ध्वनिवर्धक बंद पडतो, हा गेल्या वर्षीचा अनुभव आहे.

उत्तर : वीज जाणार हे गृहीत धरूनच बेत करावा, म्हणजे ती गेल्याचे दुःख होत नाही. आपल्यापासून जवळच पिंगुळी आहे. तेथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे, आणि त्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. वाढदिवसाआधीच्या एखाद्या रविवारी मुलीला तेथे घेऊन जावे. दहा वर्षांच्या मुलीला पडद्यामागे काय चालते हे एकदा कळले की पुढचे ती स्वतःच ठरवते.

वाढदिवसाच्या दिवशी दोन खुर्च्यांमध्ये पांढरी चादर ताणून बांधावी, मागे एक विजेरी ठेवावी आणि मुलींच्या पाच-पाचच्या दोन तुकड्या कराव्यात. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, कात्र्या, झाडूचे हीर आणि चिकटपट्टी एवढे सामान पुरते; पुठ्ठ्याची आकृती कापून हिराला चिकटवली की बाहुली तयार होते. आकृती चादरीच्या जवळ असेल तर सावली रेखीव दिसते आणि विजेरीच्या जवळ नेली तर अक्राळविक्राळ मोठी होते, हे मुली दहा मिनिटांत स्वतःच शोधून काढतात आणि मग गोष्टीत राक्षस आल्याशिवाय राहत नाही. संवाद लिहून देऊ नयेत. दशावतारी नटांच्या हाती तरी कुठे संहिता असते? कथा सर्वांना ठाऊक असते आणि बोलणे रंगमंचावर सुचेल तसे होते. तुकडीला गोष्ट ठरवायला पंधरा मिनिटे द्यावीत आणि बाजूला व्हावे. कागद कापण्यापासून दोन्ही खेळ संपेपर्यंत दीड तास कसा जातो ते कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवावे, आणि शक्य असेल तर प्रेक्षक म्हणून बोलवावे. बोलावलेल्या माणसाला आवाजाचा त्रास कमी होतो.

प्रश्न : नात चार वर्षांची होणार. सुनेने देवगडमधली पंचवीस मुले बोलावण्याचे ठरवले आहे. कोणते खेळ घ्यावेत?

उत्तर : खेळांपेक्षा आकडा बदलावा. चार वर्षांच्या मुलाला पंचवीस पाहुणे म्हणजे गर्दी; पाच-सहा मुले आणि दीड तास यापुढे जाऊ नये. या वयात जिंकणे-हरणे नको. पाण्याचे घंगाळ, नारळाच्या करवंट्या आणि ओली वाळू अंगणाच्या सावलीत मांडून ठेवली की बहुतेक वेळ त्यातच जातो. मुलांच्या आया थांबणारच आहेत, तेव्हा प्रत्येकीला करवंट्यांजवळ एकेक जागा नेमून द्यावी, म्हणजे गप्पाही होतील आणि लक्षही राहील. घंगाळातले पाणी उथळ असले तरी त्याच्यापाशी एक मोठे माणूस सतत बसलेले हवे. फुगे लावायचेच असतील तर उंचावर बांधावेत, आणि एखादा फुटला तर त्याचे रबराचे तुकडे लगेच वेचून घ्यावेत, कारण लहान मूल ते तोंडात घालते आणि असा तुकडा घशात अडकला तर श्वास कोंडतो.