बायबलमधली 'मेंढरं' बिनडोक आहेत का?

प्रश्न असा आला आहे: मराठीत एखाद्याला 'मेंढरू' म्हटलं की तो डोकं न वापरता दुसऱ्यामागे जाणारा ठरतो. मग बायबलमध्ये भाविकांना सरसकट मेंढरं म्हटलं आहे, तो त्यांचा अपमान नाही का? आणि न्यायनिवाड्याच्या गोष्टीत डावीकडे काढलेल्या शेरडांवर एवढा राग कशासाठी?

आपल्या म्हणीतलं मेंढरू तिथे नेऊन बसवलं की हा घोटाळा होतो. बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ५३व्या अध्यायात, लोक स्वतःला बहकलेली मेंढरं म्हणवतात आणि लगेच पुढे सांगतात की आम्ही प्रत्येकाने आपापली वाट धरली. म्हणजे तिथला दोष बरोबर उलटा: मागे मागे जाणं नव्हे, कळप सोडून भरकटणं. योहानाच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) १०व्या अध्यायातली मेंढरं तर चांगलीच चाणाक्ष आहेत. आपल्या मेंढपाळाचा आवाज ती ओळखतात, परक्यामागे जात नाहीत, उलट त्याच्यापासून पळतात.

पण खरं सांगायचं तर या रूपकाचा रोख मेंढरांवर फारसा नाहीच. तो मेंढपाळावर आहे. प्राचीन पश्चिम आशियात राजाला मेंढपाळ म्हणण्याची रीतच होती. बॅबिलोनचा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या शिलालेखात स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. यशया तर परक्या पर्शियन सम्राटाला, कोरेशला (सायरसला), देवाचा मेंढपाळ म्हणतो. त्यामुळे यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३४वा अध्याय हा धार्मिक उपदेश कमी आणि सत्ताधाऱ्यांवरचं आरोपपत्र जास्त वाटतो. तुम्ही लोकर पांघरता, धष्टपुष्ट जनावरं कापून खाता, पण जखमी मेंढरू बांधलं नाहीत, हरवलेलं शोधलं नाहीत, असं तो इस्राएलाच्या पुढाऱ्यांना सुनावतो. शेवटी देव म्हणतो, आता मीच माझी मेंढरं शोधीन. याच अध्यायात दांडगी मेंढरं दुबळ्यांना शिंगांनी ढकलतात, उरलेलं पाणी पायांनी गढूळ करतात. कळपालाही सूट नाही, हे मला विशेष आवडतं.

ही पार्श्वभूमी धरून वाचलं की योहानाच्या त्याच १०व्या अध्यायातलं येशूचं 'मी उत्तम मेंढपाळ आहे' हे वाक्य निव्वळ मायाळू राहत नाही. यहेज्केल ज्यांना पदच्युत करतो त्यांच्या जागेवरचा तो दावा आहे. लांडगा दिसताच पळणारा मोलकरी आणि जीव देणारा मेंढपाळ हा फरकही तिथेच येतो. लूकच्या शुभवर्तमानातली, शंभरातलं एक हरवल्यावर नव्याण्णव रानात सोडून निघणाऱ्याची गोष्ट याच धाटणीची. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या ७व्या अध्यायात, तर कोकरूच (म्हणजे येशू) मेंढपाळ होतं. वल्हांडण या यहुदी सणाला ज्याचा बळी द्यायचा, तेच कळप पाण्याच्या झऱ्यांकडे नेतं.

आता शेरडं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २५व्या अध्यायात, माणसांचा निवाडा होतो तेव्हा मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे जातात, तेवढ्यावरून शेरडू अशुभ ठरत नाही. निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात वल्हांडणासाठी मेंढराचं किंवा शेरडाचं, कुठलंही पिल्लू चालतं. मत्तयाला दाखवायचा आहे तो एकत्र चरणाऱ्या कळपातून मेंढपाळाने केलेला निवाडा. डावीकडच्यांवरचा आरोपही मेंढरू की शेरडू असा नाही: भुकेल्याला खायला दिलं नाहीत, परक्याला घरात घेतलं नाहीत, तुरुंगातल्याला भेटायला गेला नाहीत.