गडचिरोलीला पहिल्यांदा जाताय?
नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असं गडचिरोलीचं करू नका. जिल्हा एकच, पण सिरोंच्याला तेलुगू कानावर पडेल, मुलचेऱ्याकडे बंगाली, भामरागडला माडिया ही आदिवासी बोली. म्हणून आधी एकच तालुका धरा.

- मे महिन्यात जा. ऊन भाजून काढेल, पण तेंदूपत्त्याची, म्हणजे विडीच्या पानांची, फळी (पानं गोळा करून मोजायची जागा) लागलेली असते. ७० पानांचा एक पुडा. ती मोजणी बघा, गावात पैसा कसा येतो ते कळेल.
- मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला, पुढे बांबू ग्रामसभेनेच विकला. हे वाचून जा.
- भर पावसाळ्यात भामरागड नको. पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद.

नवखे न विचारता फोटो काढत सुटतात, तेवढं टाळा.