उद्योग-शंका: गोदाम भरलेलं, तरी पार्ट शॉर्ट

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत माझं प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट काढायचा कारखाना) आहे. एका 100 टनी प्रेसवर आठ प्रकारचे ब्रॅकेट काढतो. प्रत्येकी रोज साधारण 600 नग प्लेटिंग (धातूचा मुलामा) करून चाकणला जातात. गोदामात पाय ठेवायला जागा नाही, तरी आठवड्यातून एक-दोनदा कुठला तरी पार्ट शॉर्ट होतो आणि रात्री वेगळा टेम्पो काढावा लागतो. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दीड तास जातो म्हणून एकेका पार्टचा 5000 चा लॉट काढतो. दुसरा प्रेस घ्यावा का?

उत्तर: इतक्यात नको. आधी आहे त्या प्रेसचा हिशेब मांडा. हाताने फीडिंग करून तासाला 600 नग सुटत असतील, तर रोजच्या 4800 नगांना 8 तास लागतात. दोन शिफ्टमधून जेवण-चहा वजा जाता 15 तास हाती येतात. बिघाड, पत्र्याची पट्टी संपणं, लाइट जाणं यासाठी 15 टक्के सोडले तरी पावणेतेरा उरले. म्हणजे सेटिंगला (डाय बदलून प्रेस जुळवायला) रोज पावणेपाच तास आहेत, त्यात तीन डाय बदलतात. तीन दिवसांत नऊ सेटिंग आणि पार्ट आठ! प्रत्येकाची पाळी तीन दिवसांनी येते, लॉट 1800 चा पुरतो आणि एक सेटिंग अडीनडीला शिल्लक राहतं.

5000 च्या लॉटमध्ये तीच पाळी आठ दिवसांनी येते. मधेच डायचा पंच (पत्र्यावर दाबणारा भाग) तुटला किंवा प्लेटिंगवाल्याकडून 400 नग रिजेक्ट होऊन आले, की चालू लॉट मोडून सेटिंग करावं लागतं आणि मग त्या दुसऱ्या पार्टचा खोळंबा होतो. गोदाम भरलंय ते आज न लागणाऱ्या मालाने.

त्यानंतर दीड तासाकडे वळा. सेटिंग चालू असताना शेजारी घड्याळ घेऊन उभे राहा. बराचसा वेळ पाना शोधण्यात, डाय रॅकवरून आणण्यात आणि पॅकिंग प्लेट (डायची उंची भरून काढायच्या प्लेट) जुळवण्यात जाताना दिसेल. पुढची डाय, तिची पट्टी, बोल्ट आणि क्लॅम्प आधीचा लॉट चालू असतानाच ट्रॉलीवर प्रेसजवळ हवेत. सगळ्या डायना कायमच्या पॅकिंग प्लेट लावून शटहाइट (डाय बंद असतानाची उंची) एकच केली, तर रॅमशी (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाशी) झटापट संपते. क्लॅम्पिंगची जाडीही सारखी करा म्हणजे एकाच मापाचे बोल्ट चालतील. फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नग) तपासणारा माणूस जागेवर नसेल तर मात्र हे सगळं करूनही प्रेस उभाच राहील. त्याचं मोजमापाचं गेज प्रेसपाशीच ठेवा. सेटिंग 45 मिनिटांवर आलं की रोज सहा डाय बदलतील आणि लॉट 900 वर आणता येईल.

लॉट कमी करताना ज्या पार्टचा साठा जास्त आहे त्याची पाळी सोडून द्या, साठा आपोआप उतरेल. आणखी एक, कामगारांचा बोनस नगांवर असेल तर तो आधी बदला. नाहीतर सेटिंग टाळून तोच पार्ट काढत राहण्यातच त्यांचा फायदा आहे.

प्लेटिंगला जाऊन-येऊन दोन दिवस लागत असतील तर तयार माल तीन दिवसांचा, म्हणजे पार्टमागे 1800 नग ठेवा. 150 नगांच्या बिनने (खोक्याने) मोजलं तर 12 बिन. जागेवर तेवढ्याच बिनच्या चौकटी रंगवा.

प्रश्न: पावसाळ्यात प्लेटिंगला जाण्याआधीच पार्टवर गंज येतो. प्लेटिंगवाला म्हणतो, तेल जास्त लावू नका. काय करावं?

उत्तर: त्याचं खरं आहे. डिग्रीजिंगमध्ये (प्लेटिंगआधी तेल काढताना) तेल पूर्ण निघालं नाही तर प्लेटिंग सुटतं. आणि गंज काढायला पार्ट ॲसिडात जास्त वेळ राहिला तर पृष्ठभाग खरबरीत होतो. पातळ रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइलचा हलका थर पुरे, पण प्लेटिंगवाल्याच्या डिग्रीजिंगमध्ये ते निघतं का हे आधी पाच-दहा नगांवर तपासून घ्या. हातमोजे सक्तीचे करा, घामाच्या बोटांचे ठसे सगळ्यात आधी गंजतात. बिन थेट फरशीवर ठेवू नका. ओले पार्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं. आधी आलेला माल आधी पाठवा, बिनवर तारीख खडूने लिहिली तरी चालते.