शेक संपल्यानंतरचं तोंड: वाचकांचे प्रश्न

तोंड, जीभ किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे शेक, घेऊन झालेल्या रुग्णांच्या घरून आलेले हे प्रश्न आहेत. शेक देणारे डॉक्टर आणि गावातला डेंटिस्ट यांच्यात सहसा बोलणं होत नाही. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

प्रश्न : वडिलांना जिभेच्या कॅन्सरसाठी ३३ शेक झाले, त्याला आठ महिने झाले. तोंड कोरडं पडतं, रात्री दोन-तीनदा पाण्यासाठी उठतात. दिवसा गालात खडीसाखर धरून बसतात. लाळ परत येईल का?

थोडी येईल, पूर्वीइतकी नाही. जेवताना सुटणारी पातळ लाळ मुख्यतः कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथींची असते. एरवी तोंड ओलं ठेवणारी लाळ बहुतांशी जबड्याखालच्या ग्रंथींतून येते. जिभेच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठींनाही शेक द्यावा लागतो आणि त्या गाठी जबड्याखालच्या ग्रंथींना लागूनच असतात. म्हणून जेवण कसंबसं उतरतं, पण रात्री जीभ टाळूला चिकटते. आयएमआरटी पद्धतीने (ग्रंथींना वाचवून नेमक्या जागी शेक देण्याची पद्धत) निदान एका पॅरोटिडचा सरासरी डोस २६ ग्रेच्या (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं एकक) आत ठेवता आला असेल, तर एक-दोन वर्षं हळूहळू सुधारणा होत राहते. त्यानंतर फारशी होत नाही.

खडीसाखर मात्र आजपासून बंद. लिमलेटच्या गोळ्या, खोकल्याचं गोड औषध, साखरेचा चहा घोट घोट पिणं, हे सगळंही त्यातच आलं. लिंबू किंवा कोकम चघळून लाळ सुटते खरी, पण आंबटाने दातावरचं कवच झिजतं. झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम चालेल. झोपताना कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजची कृत्रिम लाळ तोंडात फिरवा. भाकरी कोरडी देऊ नका, वरणात किंवा पातळ भाजीत कुस्करून द्या. ॲलर्जीच्या गोळ्या आणि नसांच्या दुखण्यासाठी देतात ती अमिट्रिप्टिलिन तोंड आणखी सुकवतात, म्हणून चालू औषधांची यादी एकदा डॉक्टरांपुढे ठेवा.

पायलोकार्पिन (५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा) नावाची गोळी उरलेल्या ग्रंथीला कामाला लावते. परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि घाम फार येतो. दमा, काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

प्रश्न : दोन वेळा ब्रश करूनही खालचे पुढचे दात हिरडीजवळ काळे पडून कोरल्यासारखे झालेत. दुखत काहीच नाही. शेक संपून दीड वर्ष झालं. कोणती पेस्ट वापरू?

खालच्या पुढच्या दातांना सहसा कीड लागत नाही, कारण ते सतत लाळेत भिजलेले असतात. तिथेच कीड दिसणं ही शेकानंतरच्या किडीची ओळखीची खूण आहे. लाळ आटली की तोंडातलं आम्ल धुतलं जात नाही. सामू (पीएच) ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. ही कीड दाताच्या मानेभोवती गोल फिरते आणि बरेचदा दुखत नाही. मग एक दिवस घास चावताना अख्खा दात हिरडीलगत तुटून हातात येतो.

बाजारातल्या साध्या पेस्टमध्ये फ्लोराइड जेमतेम १००० पीपीएम असतं. तुम्हाला ५००० पीपीएम लागेल, म्हणजे १.१ टक्का सोडियम फ्लोराइडची न्यूट्रल (आम्ल नसलेली) जेल. ती लावण्याची रीत अशी : डेंटिस्टकडून दोन्ही जबड्यांची मापं देऊन मऊ प्लास्टिकचे ट्रे करून घ्या. ट्रेची कड हिरडीवर थोडी चढायला हवी, कारण कीड दाताच्या मानेलाच लागते. रात्री ब्रश झाल्यावर ट्रेमध्ये जेलची पातळ रेघ ओढा, ट्रे पाच मिनिटं दातांवर ठेवा, मग थुंका. चूळ भरायची नाही आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. लोक नेमके चूळ भरतात आणि सगळी जेल बेसिनमध्ये जाते. हे रोज करायचं, आणि कायमचं.

दुकानदार एपीएफ नावाची १.२३ टक्क्यांची जेल देऊ करेल, ती घेऊ नका. ती आम्लयुक्त असते, दवाखान्यात वर्षातून एक-दोनदा लावण्यासाठी. कोरड्या तोंडात रोज लावली तर झोंबते आणि ग्लास आयोनोमरचं फिलिंग खाते. डेंटिस्टकडे दर तीन महिन्यांनी जा, तेव्हा ५ टक्क्यांचं फ्लोराइड वार्निशही लावून घ्या.

आणि दाताला बरं म्हणून घरात कुणी मिशेरी पुढे केली, तर सरळ नाही म्हणा. ती भाजलेली तंबाखूच आहे.

प्रश्न : आईच्या गालाच्या कॅन्सरचे शेक चार वर्षांपूर्वी झाले. खालची दाढ ठणकते. डेंटिस्ट म्हणाले, काढून टाकू, दहा मिनिटांचं काम. काढू का?

आधी थांबा. शेक मिळालेल्या जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, पेशी मरतात, आणि जखम भरून काढण्याची त्याची ताकद जाते. दाढ काढलेल्या जागी हाड उघडं पडून महिनोन्‌महिने तसंच राहू शकतं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. खालच्या जबड्यात आणि ६० ग्रेच्या वर डोस मिळालेल्या जागी धोका जास्त असतो. चार वर्षं झाली म्हणजे हाड सुधारलं असं नाही, हा धोका आयुष्यभर राहतो.

हॉस्पिटलमधून उपचाराचा गोषवारा मागून घ्या. किती ग्रे, कोणत्या बाजूला, आणि शक्य असेल तर दुखऱ्या दाढेच्या जागी नेमका किती. ६६ ग्रे लिहिलेलं असलं तरी दुसऱ्या बाजूच्या जबड्याला त्याहून बराच कमी मिळालेला असू शकतो, आणि मग निर्णयही बदलतो.

डोस जास्त असेल तर पहिला पर्याय रूट कॅनालचा. दाढ वरून पार किडलेली असली तरी चालतं : मुळं भरून घ्यायची, वरचा भाग हिरडीच्या पातळीला कापायचा आणि मुळांचं तोंड सील करायचं. मुळं आत राहतात, हाड उघडं पडत नाही. दिसायला ओबडधोबड, पण फार उपयोगी. तोंड कमी उघडत असेल तर शेवटच्या दाढेपर्यंत हत्यार पोचत नाही, ही यातली खरी अडचण.

काढावीच लागली तर तोंड-जबड्याच्या सर्जनकडे, अँटिबायोटिक चालू ठेवून, एका वेळी एक-दोनच दात, हाडाच्या टोकदार कडा घासून आणि टाके घालून. काही ठिकाणी पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारी गोळी) ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि व्हिटॅमिन ई आधीपासून देतात. हायपरबेरिक ऑक्सिजनवर (बंद कक्षात जास्त दाबाने दिलेला ऑक्सिजन) मोठा खर्च करण्याआधी हे लक्षात घ्या : २०१९ च्या 'होपॉन' चाचणीत ऑक्सिजन घेतलेल्यांत ६.४ टक्के आणि न घेतलेल्यांत ५.७ टक्के जणांचं हाड बिघडलं. म्हणजे फायदा दिसला नाही.

शेक अजून सुरू व्हायचे असतील, तर वाईट दात आधीच काढून किमान दोन आठवडे जखम भरू द्यावी.

प्रश्न : तोंड उघडणं कमी होत चाललंय. व्यायामाने फरक पडेल का?

पडेल, पण लवकर सुरू केला तर. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर स्केलने मोजा. ३५ मिलिमीटरच्या आत असेल तर ते कमी समजायचं. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरा, अर्धा मिनिट ताण ठेवा, सोडा. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. दर काही दिवसांनी एक काडी वाढवा. ताण जाणवावा, कळ नको. पुढचे दात किडके असतील तर काड्यांचा भार दाढांवर घ्या, नाहीतर दात तुटेल. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांत सबम्युकस फायब्रोसिस (गालाची आतली त्वचा कडक होऊन आवळणं) बरेचदा आधीच असतो, तिथे फरक कमी पडतो. आणि चांगलं उघडणारं तोंड काही आठवड्यांत एकदम आवळलं, तर व्यायाम बाजूला ठेवून कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. आजार पुन्हा उठल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न : चव केव्हा येते? आणि कवळीखाली आग होते ती कशाने?

चव बहुतेकांना काही महिन्यांत ते वर्षभरात बरीचशी परत येते. आग बहुधा बुरशीची. पांढरा थर असेलच असं नाही, नुसती लालीही असते, आणि ओठांचे कोपरे फाटतात. क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट डॉक्टरांच्या सल्ल्याने लावा, आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही लावा, नाहीतर बुरशी तिथूनच परत येते. रात्री कवळी काढून ठेवायचीच. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या करा, पाणी रोज ताजं. कवळी एखाद्या जागी टोचत असेल तर सवय होईल म्हणून वाट पाहू नका. त्या टोचण्यानेही हाड उघडं पडू शकतं. ती त्याच आठवड्यात डेंटिस्टकडून घासून घ्या, तोवर घालू नका.