दारुड्या बापासाठी इंग्रजी गाण्यावर रडू का यावं?

प्रश्न : दादा, मी वडगावची. आमचे आप्पा मागावर होते. हाताला कला होती, साडीचा काठ असा यायचा की दुकानदार नाव घेऊन मागायचे, पण शनिवारी बटवडा झाला की गुत्ता, आणि मग घरात काय व्हायचं ते लिहीत नाही, तुम्हाला कळेल. ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही, बायका कुजबुजल्या, पण नाही आलं ते नाहीच आलं. आता माझं पोरगं इंजिनिअरिंगला आहे, गिटार शिकालंय, आणि एक जुनं इंग्रजी गाणं सारखं लावतंय, 'एन्ट नो सनशाईन', बिल विदर्स म्हणून कोण आहे त्याचं. मला त्यातलं 'सन' आणि 'गॉन' एवढंच कळतं. पण मधे तो माणूस एकच शब्द घोळत बसतो ना, तिथं आलं की आप्पा समोर येतात आणि हुंदकाच येतो, तव्यावरची भाकरी करपली तरी कळत नाही. पोरगं म्हणतंय, आई हे बाई सोडून गेल्याचं गाणं आहे, आजोबांचा काय संबंध. खरंच काय संबंध हो?
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : अक्का, संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. पोराला सांगा, अर्धंच ऐकलंस बाबा.

हे गाणं विदर्स ह्या अमेरिकन गायकानं एक सिनेमा बघून लिहिलं. 'डेज ऑफ वाईन अँड रोझेस', 1962 चा, जॅक लेमन आणि ली रेमिकचा. त्यात एक नवरा-बायको दारूत बुडत जातात, दोघंही, कधी हा सावरतो तर कधी ती, आणि एकमेकांना सोडताही येत नाही आणि एकत्र राहिलं की परत बाटली. विदर्सनं नंतर मुलाखतीत सांगितलंय की माणसाला कधी कधी अशा गोष्टींची पण आठवण येते ज्या त्याच्यासाठी चांगल्या नव्हत्याच. म्हणजे गाण्यात जी बाई निघून गेलीय ती काही देवी नाही, आणि गाणाऱ्याला ते पक्कं ठाऊक आहे. तुम्ही म्हणता तो घोळवलेला शब्द म्हणजे 'आय नो', मला माहीत आहे, मला माहीत आहे, असं तो 26 वेळा म्हणतो, आणि त्याच्या पुढची ओळ काय आहे, तर हिचा नाद आपण सोडायला पाहिजे अशा अर्थाची. लोक हे गाणं लग्नाच्या पार्टीत पण लावतात, त्यांनी ही ओळ कधी ऐकलीच नसावी असं मला वाटतं!

आता बघा, माहीत आहे म्हणून माणूस थांबतो का? एकदा म्हणून भागत नाही, दहादा म्हणून भागत नाही, आणि 26 वेळा म्हणून झालं तरी तो तिथंच, घर अंधारलेलंच. तुम्हाला पण आप्पा कसे होते ते माहीत आहे, कुणी सांगायची गरज नाही, लहानपणापासून माहीत आहे. आणि तरी ते आठवतात. तुम्ही इंग्रजीचे दोनच शब्द कळत असताना बरोब्बर त्या जागेवर हुंदका दिलाय, पोरानं डिक्शनरी घेऊन सुद्धा ती जागा चुकवली.

त्या जागेची गंमत अशी की ती आधी तशी ठरलेलीच नव्हती. तिथं विदर्स आणखी शब्द लिहिणार होता, तात्पुरतं आपलं 'आय नो, आय नो' म्हणत होता. स्टुडिओत बसलेले वाजवणारे म्हणाले, राहू दे, असंच ठेव. आणि ते कोण तर बुकर टी. जोन्स, म्हणजे रेकॉर्डचा प्रोड्युसर, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीच्या गाण्यांमागं ज्यांचा हात होता त्या बँडचा मुख्य माणूस, त्याच बँडमधला डोनाल्ड डन बास गिटारवर, अल जॅक्सन ड्रमवर, आणि गिटारला स्टीफन स्टिल्स. विदर्सचं म्हणणं, मी कारखान्यातला कामगार, हे एवढे अनुभवी लोक ठेव म्हणाले, मी ठेवलं. आणि कामगार हे काही नम्रतेनं म्हटलेलं नाही बरं का, तो खरोखर लॉस एंजेलिसजवळ विमानांची टॉयलेट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता, आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यातला एखादा फिटर शिफ्ट संपवून रेकॉर्डिंगला जावा तसा. 1971 साली पहिला अल्बम आला, 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम', त्याच्या कव्हरवर हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे, फोटो कारखान्यावर जेवणाच्या सुट्टीत काढलेला. त्याआधी नऊ वर्षं नेव्हीत, त्याच्याआधी वेस्ट व्हर्जिनियातलं कोळशाच्या खाणीचं गाव, लहानपणी बोलताना अडखळायचा. तो तेरा वर्षांचा असताना बाप गेला. त्याचा बाप काही ह्या गाण्यात नाही हं, उगीच जोडू नका, मी आपलं सांगितलं.

शब्द कळत नसताना रडू का, हे वेगळं. मला विचाराल तर तीन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे गाणं तुम्हाला तयारीला वेळच देत नाही, वाजपबिजप काही नाही, सुरू झालं की पहिल्या सेकंदाला माणसाचा आवाज आणि सोबत गिटार, आणि सगळं मिळून दोन मिनिटांत खलास. दुसरं, चाल. ती बहुतांशी ज्या पाच सुरांत फिरते ते आपल्या धानी रागाचे सूर, सा, कोमल ग, म, प, कोमल नी. राग नव्हे तो, तिकडं त्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात आणि ब्लूजवाल्यांचं, म्हणजे काळ्या अमेरिकनांची दुखरी गाणी म्हणणाऱ्यांचं, त्यावरच पोट आहे, पण तुमचा कान वडगावच्या भजनांवर आणि धारवाड आकाशवाणीवर वाढलाय, त्या कानाला हे सूर परके वाटणारच नाहीत. आणि तिसरं, त्या 'आय नो'च्या वेळी बाकीची वाद्यं मागं सरतात, ठेका तेवढा राहतो, आणि हा माणूस एका दमात म्हणत सुटतो, हुंदके देणारा माणूस बोलतो तसंच होतं ते, श्वास कुठं घ्यायचा ते कळत नाही. ते शरीराला कळतं, भाषा मधे येत नाही. शेजारच्या मागावरची कन्नड गाणी ऐकून तुमचे डोळे कधी भरले नाहीत का? तेव्हा कुठं अर्थ विचारत बसला होता.

आणि मयताच्या दिवशी रडू आलं नाही त्याचं मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी घरात सुटका पण झाली होती ना, ती सुटका आणि दुःख एकाच वेळी दाखवायची सोय आपल्याकडं नाही, चार बायका बघत असतात. आता रडू येतंय म्हणजे आप्पांना माफ केलं असा अर्थ पण काढू नका, करायचं तर करा, नाही तर नका करू, कुणी जबरदस्ती केलेली नाही. फक्त पोराला एकदा सांगा आजोबा कसे होते ते. काठाच्या साडीचं पण सांगा आणि शनिवारचं पण.

प्रश्न : सोल म्युझिक म्हणजे नक्की काय? आपल्या गझलेसारखं का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : गझलेपेक्षा भजनाच्या जवळ. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधली गॉस्पेल गायकी, ती देवाकडून माणसाकडं वळवली, त्यात रिदम अँड ब्लूज, म्हणजे त्यांचंच ठेक्याचं नाचगाणं, मिसळलं, 1950 च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी हे केलं तेव्हा देवाची चाल बाईसाठी वापरली म्हणून लोक चिडले पण होते. मग दोन रेकॉर्ड कंपन्या, डेट्रॉइटला मोटाउन, मेम्फिसला स्टॅक्स. मोटाउनचं पॉलिश जास्त, स्टॅक्सचं कच्चं, मला कच्चं आवडतं. सुरुवात स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग, त्याच्यापासून करा.

प्रश्न : सर, कॉलेजच्या गॅदरिंगला मी हेच 'एन्ट नो सनशाईन' म्हणणार आहे. प्रॅक्टिसला 'आय नो'ची जागा आली की पोरं हसायलीत, मोजायलीत. काय करू? कमी करू का?
(एक विद्यार्थी, खानापूर)

उत्तर : एकाच गाण्यावर दोन पत्रं एका महिन्यात, काय चाललंय आपल्या भागात! कमी करू नकोस. हसतात कारण तू स्वतः मोजतोयस आणि ते तुझ्या तोंडावर दिसतंय. ड्रमवाल्याला सांग, गिटार-कीबोर्ड सगळे गप्प, त्यानं एकट्यानं ठेका धरायचा, आणि जोरात नको, काठीनं रिमवर, म्हणजे ड्रमच्या कडेवर, वाजवलं तरी चालेल. तू आवाज चढवायचा नाही. हरकती-मुरक्या तर अजिबात नकोत, आपल्याकडच्या रिॲलिटी शोमुळं पोरांना वाटतं एक शब्द 26 वेळा म्हणायचा तर 26 प्रकारे म्हणायला पाहिजे. उलटं आहे. सपाट म्हण, थोडा घाईत, दम कुठं तरी मधेच तुटला तर तुटू दे, पुढची ओळ जरा उशिरा पकडलीस तरी चालेल. मायकेल जॅक्सनचं व्हर्जन ऐकून त्यावरून बसवू नकोस, 1972 चं आहे ते, तेरा वर्षांचं पोरगं ते, आवाज बघ काय गोड, पण ह्या गाण्यात गोडव्याचं काही काम नाही. विदर्सचंच ऐक, हेडफोनवर, दुसऱ्या कडव्यात व्हायोलिनं कशी हळूच येतात ते बघ आणि कीबोर्डवाल्याला तेवढंच वाजवायला सांग, जास्त नको. आणि गॅदरिंगमध्ये नंबर शेवटी मागू नकोस, नाचाच्या आधी कुठं तरी मधे घे, शेवटी पब्लिक खुर्च्या सरकवत असतंय.